आवृत्त्या अनेक, आवाज एक

(मराठी पत्रकार दिनानिमित्त बेळगावात संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण'चा पहिला अंक प्रसिद्ध केला. त्या दिवसाचे स्मरण करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. अशा प्रसंगी लेखणीचे सामर्थ्य, संपादकाचा बाणेदारपणा आणि लोकजागृतीचे व्रत यांवर बोलण्याचा प्रघात आहे. तो प्रघात मी आज मोडणार आहे. लेखणी कितीही धारदार असली तरी ती ज्या दौतीत बुडवावयाची ती दौत कोणाची, कागद कोणाचा, छापखाना कोणाचा आणि असे छापखाने देशात किती जणांच्या हाती आहेत, ह्या रोकड्या प्रश्नाकडे आज आपण पाहिले पाहिजे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण वृत्तपत्राच्या कचेरीच्या दारावरून परत जात नाही.

हा पत्रकारांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून कोणी तो कानाआड करू नये. सीमाभागातील मराठी माणसाच्या तो विशेष जिव्हाळ्याचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी हा मुलूख येथील मराठी जनतेच्या इच्छेविरुद्ध तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातला गेला. तेव्हापासूनची आपली मागणी न्याय्य आहे, परंतु ती किफायतशीर नाही. बंगळूरच्या मालकाला ती गैरसोयीची वाटते. दिल्लीच्या मालकाला ते दोन राज्यांतील जुने भांडण वाटते. मुंबईच्या मालकाच्या हिशेबात खानापूरच्या वाचकाकडे पाहून जाहिरात देणारा व्यापारी बसत नाही. ज्या मागणीच्या मागे बाजार नाही, तिला बाजारावर जगणारे पत्र जागा देईल तरी किती दिवस? तिला कायमची जागा देणारे पत्र वेगळ्या मालकीचे आणि वेगळ्या हेतूचे असावे लागते. १९१९ साली बाबूराव ठाकुरांनी ह्या गावात 'तरुण भारत' सुरू केला नसता, तर पुढे ह्या भागाची कैफियत कोणत्या गावच्या कोणत्या पानावर छापली गेली असती, ह्याचा प्रत्येकाने मनाशी विचार करावा.

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते. आवाजांची विविधता कोणा संपादकाच्या औदार्यातून जन्माला आलेली नाही. १८८१ साली 'केसरी' निघाला, तेव्हा त्याचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. समाजसुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी त्यांचे मतभेद विकोपाला गेले, १८८७ साली आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. टिळक थोर, आगरकरही थोर. दोघांपैकी कोणीही पैशाला विकला जाणारा नव्हता. तरीही एका पत्राच्या छपराखाली दोन मते नांदली नाहीत. महाराष्ट्राचे भाग्य एवढेच की, प्राध्यापकाच्या तुटपुंज्या प्राप्तीवर संसार करणाऱ्या माणसाला त्या काळी दुसरे पत्र काढणे अशक्य नव्हते.

याहून बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले होते. ह्या नव्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, असे बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नमूद केले आहे. देशभक्तीत अग्रेसर असलेल्या पत्राच्या दारातून अस्पृश्यांचा आवाज परत गेला. तो निघाला तो स्वतःच्या छोट्या पत्रातूनच. त्याच्याही चाळीसेक वर्षे आधी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधू' काढला नसता, तर सत्यशोधकांची बाजू ब्राह्मणी पत्रांच्या समासातही आली नसती. ह्या तिन्ही प्रसंगांतून निघणारे तात्पर्य एकच आहे. चांगला मालक मिळावा म्हणून नवस बोलण्यात अर्थ नाही. मालक पुष्कळ असावेत आणि नव्याला आत येण्याची वाट मोकळी असावी, हाच मतस्वातंत्र्याचा खरा आधार होय.

ही वाट पुढे बंद का होत गेली, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. वृत्तपत्राचा व्यवसाय मोठा विलक्षण आहे. माल तयार करण्यास जो खर्च येतो, त्याहून कमी किमतीस तो गिऱ्हाइकाला विकला जातो आणि तूट जाहिरातदार भरून काढतो. जाहिरातदार ज्याचा खप अधिक त्याच्याकडे जातो. अधिक जाहिराती मिळाल्या की त्या पत्राला पाने वाढवता येतात आणि किंमतही उतरवता येते. पाने वाढली, किंमत उतरली, की खप आणखी वाढतो आणि जाहिरातींचा ओघ पुन्हा तिकडेच वळतो. गावातले दुसरे पत्र मजकुराने सरस असले तरी ह्या रहाटगाडग्यात ते कोरडे पडते. वाचकाने त्याला नाकारलेले नसते; जाहिरातदाराने नाकारलेले असते. मग मोठा मालक ते विकत घेतो, अथवा ते आपोआप बंद पडण्याची वाट पाहतो. बळी तो कान पिळी, हा न्याय येथे कसलीही जबरदस्ती न करता, निव्वळ जमाखर्चाच्या वहीतून चालतो.

स्वतंत्र भारतात हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. १९५२ साली केंद्र सरकारने पहिला वृत्तपत्र आयोग नेमला आणि त्याचे अध्यक्षपद न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष या मराठी न्यायाधीशाकडे दिले. १९५४ साली आयोगाने अहवाल सादर केला. तेव्हा देशात ३३० दैनिके होती. त्यांपैकी २९ दैनिके अवघ्या पाच मालकांच्या हाती होती आणि एकंदर खपाचा ३१.२ टक्के वाटा त्यांच्याकडे होता. पंधरा मालक धरले तर दैनिके ५४ आणि खपाचा वाटा ५०.१ टक्के. म्हणजे देशातील निम्मे वाचक दररोज सकाळी पंधरा जणांच्या घरचे पाणी पीत होते! आयोगाने ह्या केंद्रीकरणावर बोट ठेवले आणि उपायही सुचवले. वृत्तपत्रांचा निबंधक नेमला गेला. एक टक्क्याहून अधिक भांडवल असलेल्या भागधारकांची नावे वर्षातून एकदा अंकात छापण्याचे बंधन १९५६ च्या नियमांनी घातले गेले. फेब्रुवारी सरल्यावर निघणाऱ्या अंकात कोपऱ्यात बारीक टायपात छापले जाणारे ते निवेदन आपल्यापैकी कितीजणांनी कधी वाचले असेल? वर्षभराच्या मजकुरात त्याहून महत्त्वाच्या ओळी क्वचितच असतात.

आयोगाचा तिसरा उपाय पाने आणि किंमत यांची सांगड घालण्याचा होता. अमुक पाने द्यावयाची तर अमुक किंमत घेतलीच पाहिजे, असे ठरवून दिले म्हणजे धनाढ्य पत्राला स्वस्तात जास्त पाने देऊन लहान पत्राचा गळा आवळता येणार नाही, हा त्यामागचा विचार. तसा कायदा १९५६ साली झाला आणि १९६० साली त्याखाली प्रत्यक्ष आदेश निघाला. आणि येथे इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. ह्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जे पत्र उभे राहिले, ते मुंबई-दिल्लीच्या कोणा कोट्यधीशाचे नव्हते. ते होते डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात स्थापन केलेले 'सकाळ'.

'सकाळ'चा खप त्या वेळी महाराष्ट्रात व कर्नाटकात मिळून रोज सुमारे ५२,००० होता. सहा दिवसांत ३४ पाने आणि रोजच्या अंकाची किंमत सात नवे पैसे, असा त्याचा व्यवहार होता. आदेश पाळावयाचा तर तेवढ्याच पानांसाठी आठ नवे पैसे घ्यावे लागणार होते, नाहीतर पाने कमी करावी लागणार होती. एक नवा पैसा आज क्षुल्लक वाटेल. त्या काळच्या गरीब वाचकाला आणि त्याच्यावर जगणाऱ्या पत्राला तो क्षुल्लक नव्हता. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने कायदा आणि आदेश दोन्ही घटनाबाह्य ठरवले. निकालपत्र न्यायमूर्ती ज. र. मुधोळकरांनी लिहिले. मत मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते मत अधिकाधिक लोकांपर्यंत पोहोचवण्याचे स्वातंत्र्य येते. एकाच्या धंद्याला हात देण्यासाठी दुसऱ्याच्या वाणीवर बंधन घालता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मी त्या निकालाविरुद्ध बोलणार नाही. सरकारने पाने मोजावयास सुरुवात केली की, उद्या ते ओळी मोजेल आणि परवा शब्द मोजेल, ही भीती रास्त होती. ज्या सीमाभागाने भाषणबंदी आणि जमावबंदी अनुभवली आहे, त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. परंतु न्यायालयाने एक दार लावले, तेव्हा दुसरे उघडण्याचे काम संसदेचे होते, आणि ते झाले नाही. १९७२ साली कागदपुरवठ्याच्या धोरणावरील 'बेनेट कोलमन' खटल्यातही सरकारची दहा पानांची मर्यादा रद्द झाली. त्या वेळी न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी वेगळे मत नोंदवले. मतस्वातंत्र्य हे जसे बोलणाऱ्याचे आहे तसे नाना मते ऐकण्याच्या लोकांच्या हक्काचेही आहे, असा त्यांच्या मताचा रोख होता. पुढे तेच दुसऱ्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले. वृत्तपत्रे इतर मोठ्या उद्योगांच्या तावडीतून सोडवावीत, अशी शिफारस त्या आयोगाने १९८२ साली केली. अहवाल कपाटात गेला. ज्या 'सकाळ'ने स्वतंत्र पत्राच्या नावाने लढा जिंकला, त्याची मालकीही परुळेकरांच्या निधनानंतर १९८० च्या दशकात राजकारणातील मातब्बर पवार कुटुंबाकडे गेली. ह्यात बेकायदा काही नाही. पण न्यायालयात जिंकलेले स्वातंत्र्य बाजारात हस्तांतरित होते, एवढे त्यावरून ध्यानात यावे.

आता तर गोष्ट छापील पत्रापुरती राहिलेली नाही. २०१४ साली नेटवर्क १८ हा वाहिन्यांचा समूह रिलायन्स उद्योगसमूहाच्या ताब्यात गेला. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्हीची बहुसंख्य मालकी अदानी उद्योगसमूहाकडे गेली. तेलाच्या शुद्धीकरणापासून दूरध्वनीपर्यंत आणि बंदरांपासून विजेपर्यंत ज्यांचा पसारा आहे, त्यांच्या ताळेबंदात वृत्तवाहिनी ही एक लहानशी बाब असते. ज्या मालकाचे दहा धंदे सरकारी परवान्यांवर चालतात, त्याच्या अकराव्या धंद्याने सरकारला चार खडे बोल सुनावावेत, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००९ साली आणि पुन्हा ऑगस्ट २०१४ मध्ये वृत्तमाध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. राजकीय पक्षांना वाहिन्यांच्या व्यवसायातून दूर ठेवावे, असेही सुचवले. संसदेने तसा सर्वंकष कायदा केलेला नाही. गंमत अशी की, खासगी एफएम रेडिओला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आणि नेमकी तेथेच एका मालकाने एका शहरात किती वाहिन्या घ्याव्यात याला मर्यादा आहे. जेथून बातम्या दिल्या जातात तेथे, म्हणजे वृत्तपत्र आणि वृत्तवाहिनी एकाच हाती असण्यास, तशी आडकाठी नाही. अमेरिकेत १९७५ साली एकाच शहरातील दैनिक आणि प्रक्षेपण केंद्र एका मालकाकडे नसावे, असा नियम झाला होता. तोही २०१७ साली काढून टाकण्यात आला आणि २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. धनाचा ओघ कोणत्या दिशेने वाहतो, हे त्यावरून दिसते.

मालकी आणि मजकूर यांचा संबंध जवळून पाहावयाचा असेल, तर घाट उतरून गोव्यात जावे. मुक्तीनंतर १९६२ साली 'गोमन्तक' हे मराठी दैनिक निघाले ते चौगुले यांच्या भांडवलावर. १९६३ साली इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' आणि १९७० साली मराठी 'नवप्रभा' निघाले ते धेंपे यांच्या भांडवलावर. दोन्ही घराणी खाणमालकांची. बा. द. सातोस्करांसारखे संपादक 'गोमन्तक'ला लाभले. ह्या पत्रांनी गोव्यात मराठीची जी सेवा केली ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु खाणीतला गाळ ज्याच्या भातशेतीत उतरला त्या शेतकऱ्याची तक्रार पहिल्या पानावर यावी की सातव्या, हे खाणमालकाच्याच कचेरीत ठरावे, ही रचना मुळातच सदोष होती. सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती म. बा. शहा आयोगाचा अहवाल संसदेसमोर आला आणि गोव्यातील बेकायदा खाणकामाचा आकडा सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा सांगितला गेला. त्या आकड्याबद्दल वाद आहे. एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षे खेड्यांच्या डोळ्यांदेखत घडत होती, याबद्दल वाद नाही.

गोव्याचेच दुसरे उदाहरण आपल्याला अधिक झोंबणारे आहे, म्हणून ते मुद्दाम सांगतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने लढत होता. मडगावचे 'राष्ट्रमत' विलीनीकरणाच्या विरुद्ध लढत होते, आणि तेही मराठीतूनच. उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यात येत असे. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरुद्ध १,७२,१९१. आपल्या बाजूचा ३४,०२१ मतांनी पराभव झाला. आपल्यापैकी अनेकांना तो निकाल आजही सलतो. तरीही मी म्हणेन की, त्या कौलापुरता गोवेकराला मराठी भाषेत दोन्ही बाजू वाचण्याचा लाभ झाला, आणि तो दोन मालक होते म्हणून झाला. दोन्ही पत्रे एकाच तिजोरीतून निघाली असती, तर एकतर दोघांनी मिळून आपली बाजू मांडली असती किंवा दोघांनी मिळून ती गाडली असती. ज्या निकालाची किंमत आहे, तो निकाल दोन्ही बाजू ऐकूनच यावा लागतो. सीमाभागात आपण सार्वमताची भाषा बोलतो. मग विरोधकाच्या पत्राचेही रक्षण आपण इच्छिले पाहिजे.

एकाच मालकाच्या घरी विविधतेचा देखावा कसा उभा राहतो, हे आता पाहू. पूर्वी एका पत्राची एक आवृत्ती असे. आज एका पत्राच्या दहा-वीस आवृत्त्या निघतात, आणि प्रत्येक जिल्ह्याला त्याची वेगळी पाने मिळतात. वरवर पाहता ही सोय आहे. माझ्या गावची बातमी माझ्या पानावर! पण त्याचा दुसरा अर्थ असा की, माझ्या गावची बातमी माझ्याच पानावर. निपाणीची व्यथा निपाणीकर वाचतो. ती त्याला वाचण्याआधीच ठाऊक असते. पुण्याच्या, नाशिकच्या, नागपूरच्या वाचकापर्यंत ती जातच नाही. घटनेच्या ३५० अ कलमाने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास सांगितले आहे. त्या सोयीसाठी कोठे पालकांनी अर्ज केला, कोठे मराठीतून सात-बाराची प्रत मागितली, कोठे नगरपालिकेचा फलक एकाच भाषेत लागला, ह्या बातम्या जिल्ह्याच्या पानात जन्मतात आणि तेथेच मरतात. आवृत्त्या अनेक झाल्या. मुख्य पान कोणी, कोठे बसून, कोणासाठी लावावयाचे, हे सांगणारा आवाज मात्र एकच राहिला.

डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दिल्ली-मुंबईचे कॅमेरे ह्या रस्त्यावर धावून आले. २७ डिसेंबरला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव केला. काचा फुटल्या तोवर बातमी होती. काचा झाडून झाल्यावर बातमी संपली. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा मात्र त्याआधीही होता आणि त्यानंतरही आहे. दगडाला जी प्रसिद्धी मिळते ती दाव्याला का मिळू नये? कारण दाव्याची बातमी देण्यासाठी वर्षानुवर्षे एक माणूस त्या विषयावर पोसावा लागतो, आणि तसा माणूस पोसण्यात खर्च आहे, खप नाही. मालक टेबलावर मूठ आपटून 'हे छापू नका' असे क्वचितच सांगतो. त्याची गरज नसते. कोणत्या विषयाला हात लावला की बढती अडते, हे उपसंपादकाला सहा महिन्यांत कळते. गळचेपी झाली तर निदान ओरडता येते. अशा शहाण्या मौनाविरुद्ध ओरडणार कोठे?

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, प्रत्येकजण स्वतःचा संपादक आहे, मग मालकाची भीती कसली? मी ह्या साधनाचा तिरस्कार करीत नाही. सीमाभागातील तरुणांनी त्याचा चांगला उपयोग केला आहे. पण फोन आपला असला तरी ज्या चव्हाट्यावर आपण बोलतो तो आपला नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप हे तिन्ही एकाच कंपनीचे, यूट्यूब गूगलचे. कोणाचा आवाज चार जणांपर्यंत जावा आणि कोणाचा चार लाखांपर्यंत, हे ज्या यंत्राने ठरते त्याची गुपिते सातासमुद्रापलीकडे आहेत. आणि दुसरे असे की, मत देणे सोपे आहे, बातमी आणणे कष्टाचे आहे. कचेरीत खेटे घालून कागद मिळवणे, न्यायालयात दिवसभर बसणे, दोन्ही बाजूंना विचारून मगच लिहिणे, ही कामे पगारी माणसाची आहेत. तो पगार कोण देतो, ह्या प्रश्नापाशी आपण पुन्हा येऊन पोहोचतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. चळवळीचे पत्र तरी निर्दोष कोठे असते? ते नसते. ते एखाद्या गटाच्या दावणीला बांधले जाऊ शकते. एकीकरण समितीत गट पडले, तेव्हा त्या फुटीची झळ कोणत्या घराला लागली नाही? चळवळीच्या पत्रालाही सरकारी जाहिरात हवी असते, सहकारी संस्थांची जाहिरात हवी असते, आणि त्या संस्थांचा कारभार तपासण्याची वेळ आली की त्याचीही लेखणी अडखळू शकते. म्हणूनच मी आपल्या पत्राला अपवाद मागत नाही. जो नियम मुंबईच्या मालकाला, तोच बेळगावच्या मालकाला. जो न्याय मराठी वाचकाला, तोच कन्नड वाचकाला. हुबळीच्या विजय संकेश्वरांनी उभे केलेले 'विजय कर्नाटक' २००६ साली टाइम्स समूहाने विकत घेतले, तेव्हा कन्नड मुलखातील एक स्वतंत्र घर कमी झाले. मराठी शाळेचा प्रश्न सहानुभूतीने लिहिणारा कन्नड बातमीदार उद्या भेटलाच, तर तो कोणा तरी स्वतंत्र कन्नड पत्रातच भेटेल. त्याचे पत्र टिकणे हे आपल्याही हिताचे आहे.

तर मग उपाय काय? पहिला उपाय कायद्याचा. पाने मोजणारा कायदा नको. मालक मोजणारा हवा. वृत्तपत्र, वृत्तवाहिनी आणि ती घरोघर पोहोचवणारी तार, ही तिन्ही एका प्रदेशात एकाच हाती असू नयेत, एवढी मर्यादा मतस्वातंत्र्याला बाधक नाही. ती त्याची राखणदार आहे. मालकीच्या निवेदनात एका कंपनीमागे दुसरी आणि दुसरीमागे तिसरी कंपनी उभी करून खरा धनी लपवता येऊ नये. सरकारी जाहिराती कोणाला किती आणि कोणत्या निकषाने दिल्या, ते दर तिमाहीस उघड व्हावे. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, हे तीन प्रश्न आपण विचारले पाहिजेत.

दुसरा उपाय मालकीच्या स्वरूपाचा. पत्र ही एका घराण्याची इस्टेट असलीच पाहिजे असे नाही. सरदार दयालसिंग मजिठियांनी १८८१ साली लाहोरला 'ट्रिब्यून' काढला आणि पुढे तो विश्वस्तांच्या हाती सोपवला. फाळणीत शहर गेले, छापखाना गेला, पण विश्वस्त संस्था राहिली आणि पत्र आज चंदीगडहून निघते. १९४७ साली स्थापन झालेली प्रेस ट्रस्ट ऑफ इंडिया ही वृत्तसंस्था वृत्तपत्रांच्या सामाईक मालकीची आहे आणि तिचा नफा भागधारकांत वाटला जात नाही. 'केसरी'मागेही विश्वस्त संस्थाच आहे. कर्जासाठी, दुधासाठी, ऊस गाळण्यासाठी ह्या भागाने सहकारी संस्था काढल्या आणि चालवल्या. बातमीसाठी तशी संस्था काढता येणार नाही, हे मला पटत नाही. शेकडो वाचकांचे लहान लहान भाग, कोणा एकाकडे ठरावीक हिश्श्याहून अधिक नाही, आणि संपादकाची नेमणूक व बडतर्फी यांचे नियम आधी लिहून ठेवलेले, असा पाया घातला तर पत्र विकत घेण्यास येणाऱ्याला एका माणसाशी सौदा करून भागणार नाही.

तिसरा उपाय आपल्या हातचा आहे आणि म्हणूनच सर्वांत अवघड. स्वस्त अंकाचा मोह सोडावा लागेल. जो अंक खर्चाच्या कितीतरी कमी किमतीत दारी येतो, त्याची उरलेली किंमत कोणीतरी दिलेली असते, आणि ज्याने ती दिली त्याचाच त्या अंकावर अधिकार चालतो. वर्षाची वर्गणी आगाऊ भरणारे काही हजार वाचक ज्या पत्रामागे उभे आहेत, त्याला जाहिरातदाराच्या आणि मंत्र्याच्या दारी ताटकळत बसावे लागत नाही. प्रत्येक वाचनालयाने एका समूहाची तीन पत्रे घेण्यापेक्षा तीन मालकांची तीन पत्रे घ्यावीत. त्यांपैकी एक कन्नड असावे आणि एक आपल्या मताविरुद्धचे असावे. आणि आपले पत्र जेव्हा एखाद्या विषयावर गप्प बसेल, तेव्हा संपादकाला पत्र लिहून विचारावे की, ही बातमी का आली नाही? मी येथे सर्वांसमोर सांगतो, असे पत्र आले तर ते छापले जाईल आणि त्याखाली उत्तरही छापले जाईल.

बंधुभगिनींनो, न्यायालयातील दाव्याचा निकाल केव्हा लागेल ते आपल्या हाती नाही. तो लागेपर्यंत हा प्रश्न जिवंत ठेवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि प्रश्न जिवंत राहतो तो रोज सकाळी कोणीतरी तो छापतो म्हणून. ते छापणारे घर कोणा एकाच्या मर्जीवर उभे राहू नये, एवढी दक्षता ह्या पिढीने घ्यावी. घरी गेल्यावर आपल्या दारी येणाऱ्या प्रत्येक पत्राचा मालक कोण आहे, ते शोधून काढा आणि घरातल्या मुलांना सांगा. जय महाराष्ट्र.